छोट्या ऑफिसातले विंडोज पीसी बदलून मॅक आणायचे असतील तर: टॅली, डिजिटल सही (डीएससी) आणि मराठी फॉन्टसकट

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स बंद केली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतले बरेच पीसी एकाच वेळी बाद ठरले. ‘आता नवीन घ्यायचेच आहेत, तर मॅक घेऊ का?’ हा प्रश्न तेव्हापासून छोट्या व्यावसायिकांकडून वारंवार येतो. ॲपलची दुकानंही आता जवळ आली आहेत. मुंबईत बीकेसीला एप्रिल २०२३ मध्ये आणि पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ मध्ये दुकान उघडलं, त्यामुळे मशीन हाताळून बघता येतं.

हा लेख पाच ते दहा टेबलांच्या ऑफिससाठी आहे. डोळ्यांसमोर एक ठरावीक ऑफिस धरलं आहे: इंटिरियर किंवा ग्राफिक डिझाइनचं काम, एक अकाउंटंट, एक रिसेप्शन, मालकाची केबिन, आणि कर सल्लागार बाहेरचा. अशा ठिकाणी मॅक छान चालतो, पण सगळ्या टेबलांवर नाही. माझं स्पष्ट मत आहे की अकाउंट्सचं टेबल शेवटपर्यंत विंडोजवरच राहू द्यावं. बाकीची टेबलं एकेक करून बदलावीत.

पहिलं काम: कागदावर यादी

मॅकच्या किमती बघण्याआधी आठवडाभर प्रत्येक टेबलाशेजारी एक कागद ठेवा. त्या टेबलावर दिवसभरात कोणतं सॉफ्टवेअर उघडलं, कोणतं यंत्र जोडलं, कोणत्या पोर्टलवर लॉगिन केलं, हे ज्याचं त्याने लिहायचं. मालकाने आपल्या आठवणीतून यादी केली तर ती हमखास अपुरी निघते. महिन्यातून एकदाच लागणारी गोष्ट मालकाला आठवत नाही, अकाउंटंटला आठवते.

यादी आली की प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करा. मॅकवर सरळ चालतं, ब्राउझरमध्ये चालतं, किंवा फक्त विंडोजवर चालतं.

वर्ड, एक्सेल, फोटोशॉप, इलस्ट्रेटर, स्केचअप मॅकवर सरळ चालतात. कोरलड्रॉची मॅक आवृत्ती २०१९ पासून पुन्हा मिळते आहे. ऑटोकॅड मॅकवर आहे, पण त्यात काही सोयी कमी आहेत आणि विंडोजसाठी लिहिलेली बरीच जोड-सॉफ्टवेअर त्यात चालत नाहीत. थ्रीडीएस मॅक्स आणि रेव्हिट मॅकसाठी नाहीतच. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसही नाही. एखाद्या दुकानाचा पंधरा वर्षांचा स्टॉक ॲक्सेसमध्ये असेल, तर मॅकचा विचार करण्याआधी तो डेटा दुसरीकडे हलवावा लागेल.

एक्सेलबाबत जरा थांबून बघा. साध्या शीट, सूत्रं, पिव्होट टेबल सगळं नीट चालतं. साधे मॅक्रोही चालतात. पण कोटेशनच्या शीटवर कुणीतरी बटणं बसवून दिलेली असतात, आणि ती ॲक्टिव्हएक्स या विंडोजपुरत्या तंत्राची असतील तर मॅकवर दाबली जात नाहीत. पॉवर पिव्होटही मॅकच्या एक्सेलमध्ये नाही. म्हणून ऑफिसातली सगळ्यात गुंतागुंतीची एक्सेल फाइल पेनड्राइव्हवर घ्या, मॅक असलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडे जा आणि ती उघडून, बटणं दाबून, प्रिंट काढून बघा.

टॅलीचं टेबल

टॅलीप्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी आहे. मॅकवर ते वापरायचे मार्ग तीन.

पहिला मार्ग म्हणजे एक विंडोज पीसी ठेवायचा आणि टॅली त्यावरच चालवायचं. मालकाला केबिनमधून आकडे बघायचे असतील तर मॅकवर मायक्रोसॉफ्टचं ‘विंडोज ॲप’ टाकून त्या पीसीमध्ये शिरता येतं. पूर्वी याचंच नाव रिमोट डेस्कटॉप होतं. त्यासाठी पीसीवर विंडोजची प्रो आवृत्ती हवी, होम आवृत्तीत अशा प्रकारे बाहेरून शिरता येत नाही. शिवाय मालक आत शिरला की समोर बसलेल्या अकाउंटंटचा स्क्रीन लॉक होतो. त्यामुळे दुपारच्या जेवणाची वेळ किंवा संध्याकाळ ठरवून घ्या.

दुसरा मार्ग, टॅली क्लाउडवर. महिन्याचं भाडं भरायचं आणि कुठूनही वापरायचं. दोन शहरांत ऑफिस असेल तर हा बरा. नेट गेलं की काम थांबतं हे गृहीत धरा, आणि प्रिंट कशी निघणार हे पैसे भरण्याआधी विचारा.

तिसरा मार्ग, मॅकच्या आतच विंडोज. पॅरलल्स डेस्कटॉप विकत मिळतं, व्हीएमवेअर फ्यूजन नोव्हेंबर २०२४ पासून व्यवसायासाठीही मोफत आहे. पण २०२० च्या अखेरीस आलेल्या एम१ पासून मॅकची चिप बदलली, आणि तिच्यावर विंडोजची एआरएम आवृत्तीच (या वेगळ्या जातीच्या चिपसाठी केलेली) चालते. सामान्य विंडोज सॉफ्टवेअर त्यात रूपांतर होऊन चालतं, यंत्रांचे ड्रायव्हर मात्र तसे चालत नाहीत. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, बारकोड लेबलचा प्रिंटर, बोटाचे ठसे घेणारं यंत्र यांचा एआरएमसाठीचा ड्रायव्हर कंपनीने काढलेला नसेल, तर ते यंत्र जोडूनही दिसत नाही. आत टाकलेल्या विंडोजचा परवाना वेगळा घ्यावा लागतो, हेही खर्चात धरा.

पूर्ण वेळ अकाउंट्स करणाऱ्या माणसाला मी तिसरा मार्ग सुचवत नाही, आणि त्याचं कारण कीबोर्डमध्ये आहे. टॅलीवर सराईत हात माउसला शिवतसुद्धा नाही. एफ८ ला विक्री, एफ९ ला खरेदी, एफ५ ला पेमेंट, कंट्रोल-ए दाबून व्हाउचर मंजूर, की लगेच पुढचं. मॅकच्या कीबोर्डवर याच वरच्या ओळीत ब्राइटनेस, आवाज आणि गाणी थांबवायची बटणं असतात. एफ८ दाबलं की विक्रीचं व्हाउचर उघडत नाही, गाणं सुरू होतं. सिस्टीम सेटिंग्जमधल्या कीबोर्ड विभागात जाऊन एफ-कीज नेहमीसारख्या चालवायचा पर्याय चालू करता येतो, आणि ऑप्शनचं बटण ऑल्ट म्हणून चालतं. तरीही दिवसाला दोनशे नोंदी करणाऱ्याच्या हाताला हा त्रास का द्यायचा? त्याच्यासाठी विंडोज ११ चा एक साधा पीसी ठेवा. तो स्वस्तही पडतो आणि आजच्यासारखाच चालतो.

डीएससी आणि सरकारी पोर्टलं

डिजिटल सहीचं यूएसबी टोकन ही मॅकवर जाणाऱ्यांची दुसरी मोठी अडचण. काही टोकनांचे मॅक ड्रायव्हर मिळतात. पण टोकन, त्याचा ड्रायव्हर, पोर्टलचं सही करणारं छोटं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर अशी चारही कडी जुळावी लागते. विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यातली एक निखळली तर विलंब शुल्क तुमच्याच खिशातून जातं.

प्रोप्रायटर किंवा भागीदारी फर्म असेल तर काळजी कमी. जीएसटीची विवरणपत्रं मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने भरता येतात आणि ऑडिट लागत नसेल तर आयकर विवरणपत्राची पडताळणी आधार ओटीपीने होते. हे सगळं मॅकच्या ब्राउझरमध्ये होतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी किंवा एलएलपीला मात्र जीएसटीसाठी डीएससी लागतेच, आणि कंपनी खात्याच्या अर्जांनाही लागते. अशा ऑफिसात टोकन त्या एका विंडोज पीसीलाच लावायचं असा नियम करा. तुमची डीएससी सीएंच्या ऑफिसात राहत असेल तर त्यांना फोन करून एकदा खात्री करून घ्या. तिथेच सह्या होत असतील, तर हा प्रश्न तुमच्यापुरता नाहीच.

मराठी फॉन्ट: इथे घाई नको

लेटरहेड, पावत्या, ग्रामपंचायतीला किंवा बँकेला दिलेले अर्ज, दिवाळीच्या जाहिराती असं बरंच मराठी काम जुन्या फायलींमध्ये पडलेलं असतं. त्यातलं युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येणारी आजची पद्धत) किती आणि श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये किती, हे आधी बघा. जुन्या फॉन्टमधला मजकूर आतून रोमन अक्षरं आणि चिन्हांचाच असतो, फॉन्टमुळे तो देवनागरी दिसतो. ती फाइल तो फॉन्ट नसलेल्या मॅकवर उघडली की ‘महाराष्ट्र’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा गोंधळ दिसतो. फाइल बिघडलेली नसते, पण ऑफिसातल्या माणसाला ती बिघडल्यासारखीच वाटते.

अशा फायलींचं काम विंडोज पीसी चालू असतानाच उरकावं. पुन्हा पुन्हा लागणारा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करा. श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांत आणि इतर काही साधनांत ही सोय आहे. रूपांतर झाल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. ‘कार्यालय’, ‘वर्षानिमित्त’, ‘विद्यार्थी’ असे शब्द शोधून बघितले की चूक पटकन सापडते. जे काम छापून झालं आहे आणि बदलायचं नाही, त्याची अक्षरं कर्व्हमध्ये (आकृत्यांमध्ये) बदलून पीडीएफ करून ठेवा.

युनिकोडमध्येही एक बारीक भानगड राहते. विंडोजवर सगळे मंगल, कोकिळा किंवा अपराजितामध्ये टाइप करतात. मॅकचे स्वतःचे देवनागरी फॉन्ट वेगळे आहेत, कोहिनूर देवनागरी त्यातला एक. फॉन्ट बदलला की ओळी सरकतात आणि एका पानाचं पत्र दोन पानांवर जातं. यावर सोपा उपाय आहे. दोन्हीकडे चालणारा एकच मोफत फॉन्ट ऑफिससाठी ठरवा आणि सगळ्या मशीनवर टाका. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट, किंवा नोटो सॅन्स देवनागरी चालेल. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी घ्या. ही वळणं जपायला हवीत असं मला मनापासून वाटतं, त्यामुळे पत्रव्यवहारासाठी मी तोच सुचवतो.

टाइप करायला सिस्टीम सेटिंग्जच्या कीबोर्ड विभागात इनपुट सोर्समध्ये देवनागरी जोडा. इन्स्क्रिप्टची (भारतीय भाषांचा ठरावीक कीबोर्ड) सवय असेल तर ‘देवनागरी’ नावाचा आराखडा, आणि के दाबून क, एम दाबून म अशी सवय असेल तर ‘देवनागरी क्वर्टी’. इंग्रजी-मराठी अदलाबदल कंट्रोल आणि स्पेसने किंवा पृथ्वीगोलाच्या बटणाने होते.

काय घ्यायचं

ऑफिससाठी बहुतेक टेबलांना मॅक मिनी पुरतो. एम४ चिपचा मॅक मिनी २०२४ च्या अखेरीस भारतात ५९,९०० रुपयांपासून आला, १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवण असलेला. आजची किंमत दुकानात बघा. त्याला तुमचा आहे तो मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस जोडता येतो, त्यामुळे बराच खर्च वाचतो. एक गोष्ट मात्र मशीनबरोबरच घ्या: यूएसबी हब. या मॅक मिनीला यूएसबीसाठी पुढे दोन आणि मागे तीन अशी फक्त छोट्या टाइप-सी आकाराची भोकं आहेत. जुना कीबोर्ड, पेनड्राइव्ह, प्रिंटरची वायर यातलं काहीच त्यात थेट बसत नाही. हब नसेल तर खोकं उघडूनही पहिला दिवस वाया जातो.

मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणून रेंडरिंगच्या टेबलासाठी आधीच २४ जीबी घ्या. साठवण कमी पडली तर बाहेरची एसएसडी जोडता येते.

जुना इंटेल मॅक स्वस्तात मिळतोय, त्यात विंडोजही टाकता येतं, असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. २०२५ मध्ये आलेली मॅकओएस २६ ही इंटेल मॅकला मिळणारी शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलने जाहीर केलं आहे.

बिल फर्मच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घ्या, म्हणजे १८ टक्के कराचं क्रेडिट मिळतं. संगणकावर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. म्हणजे खरेदी ऑक्टोबरच्या सुरुवातीनंतर गेली की पहिल्या वर्षी २० टक्केच.

मॅकवर ॲप स्टोअरसारख्या सोयींना ॲपलचं खातं लागतं. ते कर्मचाऱ्याच्या खाजगी ईमेलवर कधीही उघडू नका. तो नोकरी सोडून गेला आणि मशीन त्याच्या खात्याला कुलूपबंद राहिलं, तर सोडवून घेण्यात हेलपाटे पडतात. फर्मच्या ईमेलवर खातं काढा. ॲपल बिझनेस मॅनेजर (ऑफिसातली मशीन फर्मच्या नावावर एका ठिकाणी नोंदवायची ॲपलची सोय) मोफत आहे, पाचपेक्षा जास्त मशीन असतील तर तो जरूर लावा. डिस्क सुरक्षित ठेवणारं फाइलव्हॉल्ट चालू कराल तेव्हा मिळणारी रिकव्हरी की कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

तालुक्याच्या गावी असाल तर दुरुस्तीचा प्रश्न आधी सोडवा. पीसी बिघडला तर चौकातला मुलगा तासाभरात येऊन पॉवर सप्लाय बदलून जातो. मॅकसाठी अधिकृत सेवा केंद्रच गाठावं लागतं. ते किती किलोमीटरवर आहे ते बघा, आणि एक जादा मशीन हाताशी ठेवा.

कधी करायचं

दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी. ज्यांना ही मासिक विवरणपत्रं आहेत त्यांनी २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचा काळ निवडावा. मार्च नको. ऑडिटच्या धावपळीचा सप्टेंबर नको, दिवाळीच्या आधीचा महिना तर मुळीच नको. मे-जून उत्तम, मुलांच्या सुट्ट्यांमुळे गिऱ्हाइकंही जरा शांत असतात. हिशेबाचं सॉफ्टवेअरच बदलायचं असेल तर ते १ एप्रिललाच करा, वर्षाच्या मधे नको.

सुरुवात एकाच टेबलापासून. डिझायनरपासून केलेली बरी, कारण त्याचं काम मॅकवर सगळ्यात सुरळीत चालतं आणि पुढच्या माणसाला तो शेजारी बसून शिकवतो. महिनाभर जुना पीसी त्याच्या टेबलाखाली तसाच जोडलेला राहू द्या.

फायली आणणं

ॲपलचं मायग्रेशन असिस्टंट पीसीवर टाकलं की वाय-फायवरून सगळं मॅकवर येतं. पण त्यात दहा वर्षांचा कचराही येतो. मी बाहेरच्या डिस्कवर निवडक फोल्डर कॉपी करायला सांगतो. विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही, म्हणून दोन्हीकडे वापरायची डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, तेव्हा रिकामी डिस्कच घ्या.

ऑफिसात काही काळ दोन्ही प्रकारची मशीन असणार, म्हणून फाइलच्या नावांचा नियम भिंतीवर लावा. मॅक फाइलच्या नावात तिरकी रेघ किंवा प्रश्नचिन्ह चालवून घेतो, विंडोज घेत नाही. ‘बिल १२/१०’ नावाची फाइल अकाउंटंटच्या पीसीवर अडते. तारीख ‘२०२६-०५-१२’ अशी आडव्या रेघेने लिहायची सवय लावा, फायली आपोआप क्रमानेही लागतात.

प्रेसला पेनड्राइव्ह देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मॅकवरून कॉपी केलेल्या पेनड्राइव्हवर विंडोजमध्ये प्रत्येक फाइलची जुळी फाइल दिसते. नाव तेच, पण सुरुवातीला टिंब आणि खालची रेघ, आकार अगदी लहान. प्रेसमधला मुलगा नेमकी तीच उघडायला जातो आणि ‘तुमची फाइल खराब आहे’ म्हणून फोन येतो. त्याला मोठ्या आकाराची फाइल उघडायला सांगा. त्याहून बरं म्हणजे गूगल ड्राइव्हवरून पीडीएफ पाठवा.

प्रिंटर अलीकडचा असेल आणि त्यात ॲपलची एअरप्रिंट ही सोय असेल तर ड्रायव्हरशिवाय चालतो. जुना लेझर असेल तर मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साइटवर तुमच्या मॅकओएससाठी ड्रायव्हर आहे का ते बघा. नसेल तर तो प्रिंटर अकाउंट्सच्या पीसीकडे द्या.

बॅकअप पहिल्याच दिवशी. मॅकच्या दुप्पट क्षमतेची डिस्क जोडून टाइम मशीन चालू केलं की पुढचं ते स्वतः करतं. टॅलीचा बॅकअप यात येत नाही, तो टॅलीच्याच बॅकअप पर्यायातून रोज संध्याकाळी वेगळा घ्या.

हाताची सवय

पहिले दोन आठवडे चिडचिड होते. ती कोणत्या कारणांनी होते हे आधीच सांगून ठेवलं तर निम्मी कमी होते.

कंट्रोलच्या जागी कमांड: कमांड-सी, कमांड-व्ही. विंडोजचा कीबोर्ड जोडला असेल तर विंडोजचं बटण कमांडचं काम करतं. त्याचा त्रास होत असेल तर मॉडिफायर कीज या सेटिंगमध्ये कंट्रोल आणि कमांड यांची अदलाबदल करता येते, पण शिकायचंच असेल तर मूळ पद्धत शिकणं बरं. फाइल निवडून एंटर दाबलं की ती उघडत नाही, तिचं नाव बदलायला येतं. उघडायला कमांड-ओ. फाइल एका फोल्डरमधून दुसरीकडे हलवायला कमांड-सी करून तिथे ऑप्शन-कमांड-व्ही. खिडकीच्या कोपऱ्यातलं लाल बटण फक्त खिडकी बंद करतं, सॉफ्टवेअर चालूच राहतं. ते बंद करायला कमांड-क्यू. स्क्रीनचा तुकडा टिपायला शिफ्ट-कमांड-४. माउसचं चाक उलटं फिरतंय असं वाटलं तर माउस सेटिंगमधलं नॅचरल स्क्रोलिंग बंद करा.

एवढ्या गोष्टी एका कागदावर मोठ्या अक्षरात छापून मॉनिटरच्या खाली चिकटवा. पन्नाशीतल्या सहकाऱ्यांना शिकवताना घाई करू नका, त्यांच्या शेजारी बसून त्यांचंच रोजचं काम एकदा पूर्ण करून घ्या. आधी पत्र, मग त्याची पीडीएफ, मग ईमेल. तरुण मुलं आपोआप शिकतात, त्यामुळे ऑफिसचा वेळ ज्येष्ठांसाठी राखलेला चांगला.

ऑफिसचा परवानाही तपासा. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी असेल तर तीच मॅकवर चालते, पुन्हा पैसे भरू नका. पीसीबरोबर आलेलं ऑफिस मात्र त्या पीसीपुरतंच असतं. आणि पीसीवर क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर चालत असेल, तर हीच ते सोडून द्यायची वेळ. परवान्याचा खर्च धरून मॅक परवडत नसेल, तर दोन टेबलं यंदा आणि दोन पुढच्या वर्षी असं करा.

जुने पीसी

विकायच्या आधी त्यावरच्या अडोबी, ऑटोकॅड, कोरल या सगळ्या खात्यांतून साइन आउट करा. टॅली त्या पीसीवरून दुसऱ्या पीसीवर नेत असाल तर टॅलीच्याच मेन्यूतून परवाना सरेंडर करा, नाहीतर नव्या मशीनवर तो चालू होताना अडतो. ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे आणि पोर्टलांचे पासवर्ड उतरवून घ्या आणि मग पुसा.

हार्ड डिस्क मात्र विकू नका. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात, कंपनीला हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं. डिस्क काढून घ्या, तिच्यावर आर्थिक वर्षं आणि टेबलाचं नाव लिहिलेली चिठ्ठी लावा आणि फायलींच्या कपाटात ठेवा. उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर करणाऱ्याकडे द्या आणि त्याची पावती खरेदीच्या बिलासोबत फाइलला लावा.